मदत हवी आहे: चाळीचा दर्शनी भाग वाचवता येईल का?

गिरगावात आमची तीन मजली चाळ आहे. १९४० पूर्वीची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), सगळे पागडीवाले भाडेकरू. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) (जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठीचा नियम) खाली पुनर्विकास ठरतोय. नव्या घराला कुणाचाच विरोध नाही (सामायिक संडास कुणाला हवेत!). पण रस्त्याकडची सागवानी गॅलरी आणि कोरीव कठडे टिकावेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. इमारत वारसा यादीत स्वतंत्रपणे नाही, फक्त वारसा परिसरात येते. बिल्डर म्हणतो, सगळं पाडावंच लागेल. स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागितला, मालक देत नाहीत. वेगळं ऑडिट करायला वर्गणी काढू, पण त्याला वजन असेल का? मालकाच्या सहीशिवाय भाडेकरूंना वारसा संवर्धन समितीकडे थेट अर्ज करता येतो का? आणि दर्शनी भाग ठेवून मागे नवी इमारत, असं उपकरप्राप्त चाळीत कुणी प्रत्यक्ष केलंय का?