राउटरचं रेडिएशन मोजताना सरासरी कशी काढावी?

मदत हवी आहे. उशापासून वाय-फाय राउटर २ मीटरवर आहे. उत्सर्जन १०० मिलिवॉट धरून ४πr² ने भागलं, तर तिथे दर चौरस मीटरला साधारण २ मिलिवॉट येतात (१ मीटरवर ८). आयसीएनआयआरपीची (अशा किरणोत्सर्गाच्या सुरक्षित मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०२० ची मर्यादा आहे दर चौरस मीटरला १० वॉट, तीही ३० मिनिटांची सरासरी. म्हणजे हिशोबाने ५००० पट खाली.

पण साधा हातातला मीटर मध्येच ३० मिलिवॉट दाखवतो. मीटर ‘पीक होल्ड’वर (सर्वात मोठं वाचन धरून ठेवणारी सोय) आहे, आणि राउटर सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांनी प्रसारण करतो, त्यामुळे आकडा फुगणार हे उघड आहे. लोखंडी कपाटावरून परावर्तनही होत असेल. शिवाय मीटरची कमाल ३.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याला दिसतच नाही!

प्रश्न असे: मीटरला सरासरीची सोय नसेल तर ड्युटी सायकल (एकूण वेळेपैकी राउटर प्रत्यक्ष प्रसारण करतो तो वाटा) कशी मोजावी? राउटरच्या ट्रॅफिकच्या नोंदीवरून अंदाज धरला तर चालेल का? मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून, राउटर चालू-बंद अशा दोन्ही स्थितींत ५-६ जागी वाचन घेणं पुरेसं आहे का? ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर कृपया सुचवू नका.