खरवस सोडलाय, पण 'फरक कळत नाही' हे मला सांगू नका

बिनसायीचा
परवा 'व्हीगन होताना' या धाग्यावर निव्वळ_नारळ यांनी लिहिलेलं आधी जसंच्या तसं देतो: "आवडीचा पदार्थ सोडणं ही निव्वळ सवयीची गोष्ट आहे. जीभ काही आठवड्यांत विसरते. मी खरवस आता नारळाच्या दुधात आगर घालून करते, फरक कळतही नाही. ज्यांना सोडवत नाही त्यांना मुळात सोडायचंच नसतं. आणि खरवस तर वासराच्या तोंडचा घास!"

तिकडेच उत्तर दिलं असतं तर धागा भरकटवला म्हणून ओरड झाली असती, म्हणून हा वेगळा.

मी स्वतः व्हीगन आहे. दूध, दही, तूप, पनीर, मध, सगळं बंद. तेव्हा 'तुम्ही करून बघा मग बोला' हे बाद. ताई, नारळाचं दूध आणि आगर (समुद्री शेवाळाचं, जेली धरणारं) यांची जी होते ती नारळाची जेली. उन्हाळ्यात छान लागते, मीही खातो. पण ती खरवस नव्हे. खरवस घट्ट व्हावा म्हणून काही घालावं लागत नाही, चिकातली प्रथिनंच वाफेवर धरतात. म्हणून सुरी फिरवल्यावर कडेला बारीक जाळी दिसते, वडी उचलली की ताटलीत गोड पाणी सुटतं आणि दाताखाली ती किंचित करकरते. आगर कापल्यावर काचेसारखं गुळगुळीत दिसतं. ज्याला यातला फरक कळत नाही त्याने खरवस कधी लक्ष देऊन खाल्लेला नाही, एवढंच म्हणेन.

आमच्याकडे मागच्या आळीतल्या गोठ्यातून कडीच्या डब्यात चीक यायचा. आई आधी वाटीत चार चमचे वाफवून बघायची. पहिल्या धारेचा असेल तर त्यात दुप्पट-तिप्पट दूध खपायचं, तिसऱ्या दिवसाचा असेल तर नुसताच लावायचा. गूळ, वेलदोडा, वर जायफळ, आणि शिट्टी काढलेला कुकर. हे सगळं मी सोडलं ते विचार करून सोडलं, पण ते सोपं नव्हतं, आजही नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. 'सोपंय हो' ऐकून लोक उडी मारतात. दोन महिन्यांनी पाडव्याला श्रीखंडाची वाटी पुढे आली की हात जातो. मग 'आपल्याच्याने होणार नाही' म्हणून सगळंच बंद करतात. असे तीन-चार जण माझ्याच ऑफिसात आहेत. जड जातं हे आधीच सांगितलं असतं तर त्यातले निम्मे टिकले असते.

खडूस_खवय्या
एवढं आवडत होतं तर सोडलंत कशाला? कोणी बंदूक लावली होती?

निव्वळ_नारळ
माझ्या नावाने धागा! धन्य झाले. 😀
तुम्ही जे आईच्या डब्याचं आणि जायफळाचं रसभरीत वर्णन केलंत ना, नेमकं त्यामुळेच लोक परत जातात. दारू सोडलेल्या माणसासमोर कोणी घोटाघोटाचं वर्णन करतं का? मला माझ्या जिभेला फसवायचं असेल तर तुमचं काय जातं? माझ्या मुलीला आगरचाच खरवस माहीत आहे, ती मजेत खाते. पुढच्या पिढीला 'खरा' खरवस आठवणारच नाही, प्रश्न मिटला.
आणि वासराच्या तोंडचा घास हे मी परत म्हणेन. चीक वासरासाठी असतो. पूर्णविराम.

धारोष्ण
पूर्णविराम तुम्ही दिलात, आता आमचं ऐका. बारा दावणी आहेत घरी, बहुतेक संकरित.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायला काही नसतं. आईच्या पोटात असताना ते त्याला मिळत नाही, चिकातूनच मिळतं, आणि तेही पहिल्या दिवसातच आतड्यातून रक्तात जातं. हे आम्हाला चांगलं कळतं, कारण वासरू मेलं तर नुकसान आमचं होतं. डॉक्टर सांगतात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पाजा, पहिल्या दोन तासांत सुरुवात करा. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. संकरित गाय पहिल्याच धारेला त्याहून कितीतरी जास्त देते. तो सगळा वासराला पाजला तर हगवण लागते आणि मग सलाईन लावत बसा. उरलेला काय गटारात ओतू? सुरुवातीचे चार-पाच दिवस डेअरी ते दूध घेत नाही. म्हणून आळीत वाटतो. आमच्याकडे चीक विकत नाहीत, रिकामा डबा परत येताना त्यात मूठभर साखर नाहीतर तांदूळ येतात.

तेव्हा 'तोंडचा घास' वगैरे एसीत बसून लिहू नका.

निव्वळ_नारळ
तुमची गाय वासरापेक्षा इतकं जास्त का देते, हे नाही लिहिलंत. तशी पैदास केली म्हणून. दर वर्षी गाभण का राहते? तुम्ही भरवता म्हणून. आधी जादा तयार करायचं आणि मग उरलंय म्हणून खायचं. आणि मी एसीत नाही, चाळीत तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली राहते.

धारोष्ण
ताई, एसीचं माघारी घेतो. बाकी काही नाही.

अटलांटिकपार
इकडे न्यूजर्सीत चीक मिळत नाही म्हणून कंडेन्स्ड मिल्क + इव्हॅपोरेटेड मिल्क + दही, इन्स्टंट पॉटमध्ये वाफवायचं. सेम टू सेम खरवस! पाहुणे बोटं चाटतात.

बिनसायीचा
त्याला भापा दोई म्हणतात. बंगाल्यांना कळलं तर दंगल होईल.

खडूस_खवय्या
+१. आणि इथल्या दुकानातल्या प्लास्टिकच्या डबीतल्या वडीला खरवस म्हणणाऱ्यांनाही आत टाका. दूध पावडर आणि चायना ग्रास असतं त्यात. म्हणजे निव्वळ_नारळ ताईंचंच आगर, फक्त गाईच्या दुधात!

पोटमाळा
"सोडवत नाही त्यांना सोडायचंच नसतं" या वाक्यावर थोडं. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधींनी मित्र कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. कलकत्त्याचे गवळी जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर फुंक्याचा अघोरी प्रकार करत, ते वाचनात आलं हेही एक कारण. 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर अंगात ताकद राहिली नाही, डॉक्टर दुधासाठी मागे लागले. कस्तुरबा म्हणाल्या, व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? घेतलं, आणि पुढे शेवटपर्यंत घेतलं. व्रताची अक्षरं पाळली पण आत्मा मारला, या अर्थाचं स्वतःच लिहून ठेवलंय. आता यांनाही सोडायचंच नव्हतं म्हणायचं का?

निव्वळ_नारळ
दूध सोडलं की बी-12 जीवनसत्त्व कमी पडतं. गांधींना त्याची गोळी मिळत नव्हती. मला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते.

मृण्मयी_के
बरं झालं गोळीचा विषय निघाला. माझ्या नवऱ्याने 'प्राण्यांसाठी' दूध सोडलं. उत्तम. गोळी मात्र 'आपले पूर्वज घेत होते का' म्हणून घेतली नाही. पायाला मुंग्या यायला लागल्यावर डॉक्टरने इंजेक्शनं लावली. पूर्वज ताक पीत होते, अरे!

पण मला लिहायचंय ते वेगळंच. तुमच्या सोडण्याचा स्वयंपाक कोण करतं? आमच्या घरी सासूबाईंना वरणभातावर तूप लागतं, मुलाला दही लागतं, आणि ह्यांच्यासाठी शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून, त्याचं दही मी लावते. विरजण हिरव्या मिरचीच्या देठांचं, तेही कधी लागतं, कधी नासतं. ह्यांचा त्याग, माझा मिक्सर. हे ऑफिसात 'व्हीगन जर्नी' सांगतात, टाळ्या घेतात. इथे आलेल्या पुरुषांनी हात वर करा, स्वतःचं शेंगदाण्याचं दही स्वतः कोण लावतं?

खडूस_खवय्या
(हात खिशात)

बिनसायीचा
मी लावतो. देठांऐवजी आधीच्या दह्याचा चमचाभर ठेवतो, ते जास्त भरवशाचं. पण प्रश्न रास्त आहे. भांडी मात्र बाई घासते, हेही लिहून टाकतो, नाहीतर तुम्ही विचारालच.

मृण्मयी_के
विचारणारच होते.

वेंगुर्ल्याची
एवढं आगरबिगर कशाला म्हणते मी. आमच्याकडे शिरवाळे आहेत. तांदळाची गरम उकड साच्यातून पाडायची, आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या घट्ट रसात बुडवून खायची. पातोळ्या आहेत, खापरोळी आहे, जेवणावर सोलकढी आहे. त्यात दुधाचा थेंब नाही आणि कोणी व्हीगनचा बिल्लाही लावलेला नाही. दुसऱ्याचा वेष चढवलेला पदार्थ खाण्यापेक्षा मुळातलाच खा की.

बिनसायीचा
हेच! शंभर टक्के हेच म्हणायचंय मला. खरवस गेला तो गेला, त्याच्या जागी त्याचा तोतया नको.

खडूस_खवय्या
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. का सोडलंत?

बिनसायीचा
मामाच्या गावी म्हैस व्यायली होती. रेडकू झालं होतं, पारडी नाही. पान्हा सोडण्यापुरतं त्याला आचळाला लावायचे, दोन घोट झाले की ओढून बाजूला बांधायचे. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मामा वाईट माणूस नाही, आमच्यावर जीव टाकतो. म्हणाला, "ह्याला पोसून करायचं काय?" त्याच म्हशीचा चीक मी तीन दिवस आधी वाटी चाटून खाल्ला होता. बस.

धारोष्ण
आता आलात मुद्द्यावर. रेडक्याचं मी नाकारत नाही. ते बऱ्याच ठिकाणी होतं आणि ते वाईट आहे. पण मामाला नावं ठेवायच्या आधी त्याचा हिशोब बघा.

2024 च्या जुलैमध्ये सरकारने गाईच्या दुधाला 30 रुपये दर आणि वर 5 रुपये अनुदान जाहीर केलं, तेही 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागलं तर. फॅट एका पॉइंटने खाली गेली की दर कापतात. अनुदानासाठी कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद, खात्याचं आधार. माझ्या दोन गाईंचे आकडे कुठेतरी चुकीचे चढले, तर त्यांचं अनुदान महिनोन्‌महिने लटकलं. विचारायला गेलो की केंद्रवाला वर बोट दाखवतो, वरचा खाली. 2018 च्या जुलैत दूध रस्त्यावर ओतून आंदोलन झालं तेव्हा 25 रुपये पदरात पडले होते. सरकी पेंडेचं पोतं तेव्हा काय होतं आणि आज काय आहे ते कोणी बघतं का? शहरात तेच दूध पिशवीतून काय भावाने घेता, सांगा.

पोटमाळा
आणि गोऱ्ह्यांचं काय? 1976 च्या कायद्यात गोहत्या बंद होतीच, 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. ट्रॅक्टर आल्यावर औताला बैल नको, कायद्यामुळे बाजार नाही. म्हैसवर्ग त्यात येत नाही, म्हणून रेड्याला निदान गिऱ्हाईक आहे. गोऱ्हा मात्र रात्री कोणाच्या तरी शिवारात सोडला जातो आणि दुसऱ्याच्या ज्वारीत सापडतो.

खडूस_खवय्या
धागा खरवसाचा होता ना? 😴

धारोष्ण
खरवस काय झाडाला लागतो? हा त्याचाच विषय आहे. आम्ही आता सॉर्टेड सीमेन भरतो. दहातल्या साधारण नऊ कालवडीच होतात. जनावरावर दया हवी असेल तर हे स्वस्त करा म्हणून ओरडा, माझ्यासोबत. आगर घालून काय होणार?

निव्वळ_नारळ
म्हणजे नर जन्मालाच येऊ द्यायचा नाही, हा तुमचा दयाळू उपाय! आणि भाकड झालेल्या गाईचं काय करता? लिहा ना. बारा दावणी आहेत म्हणता, त्यात भाकड किती?

धारोष्ण
एक. सतरा वर्षांची आहे, आजोबांच्या हातची. खाते, बसते, शिंगं उगारते. बाकीच्यांचं विचारू नका, मी सांगणार नाही. आणि ज्यांनी आयुष्यात कधी शेणात हात घातला नाही त्यांच्या कोर्टात तर मुळीच नाही.

निव्वळ_नारळ
न सांगण्यातच उत्तर आलं.

धारोष्ण
आलं असेल. तुमच्या सोयाबीनच्या दुधाचं सोयाबीन पण शेतकऱ्याचंच आहे हो. हमीभावाच्या खाली विकतो आम्ही ते. त्याच्यासाठी कधी धागा काढलात?

मृण्मयी_के
दोघंही जरा थांबा. धारोष्ण, तुमचा राग पेंडेच्या भावावर आणि केंद्रावर आहे, तो ताईंवर काढताय. आणि ताई, एक भाकड गाय पोसणाऱ्या माणसाला तुम्ही खाटीक ठरवायला निघालात. दोघांचंही इथे काम नाही असं वाटायला लागलंय.

निव्वळ_नारळ
खाटीक म्हटलेलं नाही. बरं, 'तोंडचा घास' हे संकरित गाईच्या पहिल्या धारेला लागू नाही, एवढं मान्य. म्हशीला लागू आहे, आणि ते बिनसायीचा यांनी स्वतःच लिहिलंय. आगरच्या वडीला मी खरवसच म्हणणार. माझं घर, माझा कुकर.

बिनसायीचा
म्हणा. फक्त नव्याने आलेल्यांना 'फरक कळत नाही' सांगू नका, एवढंच मागणं होतं.

निव्वळ_नारळ
'मला कळत नाही' असं लिहीन पुढच्या वेळी. खूश?

बिनसायीचा
निम्मा.

अटलांटिकपार
मूळ विषय बाजूला ठेवून एक विचारतो. मीही जानेवारीपासून व्हीगन ट्राय करतोय. खरवस-बिरवस जमेल, पण चहाचं काय? ओट मिल्क घालून उकळलं की खळ होते, बदामाचं फाटतं. आलं घातलं की आणखीच.

वेंगुर्ल्याची
कोरा घ्या. लिंबू पिळा.

धारोष्ण
कोरा चहा?! एवढं मात्र प्राण्यांसाठीही नको.

बिनसायीचा
ओट कधी उकळायचं नाही. चहा आधी नीट उकळून, गाळून घ्या, वेगळं कोमट केलेलं ओट शेवटी घाला. बदामाचं फाटतं ते थंडगार घातल्यामुळे, तेही आधी कोमट करा आणि चहा गाळल्यावर मिनिटभर थांबून ओता. आलं पाण्यातच उकळू द्या. सोया सगळ्यात बरा टिकतो, पण त्याचा उग्र वास जात नाही, वेलची जास्त टाका.

अटलांटिकपार
आणि चव? फरक कळतो का?

खडूस_खवय्या
झालं. आता उद्या नवीन धागा.