जर्मनीत महिन्याला 20 जीबी पुरतं का?

कोथरूडकर: मुलगी ऑक्टोबरमध्ये आखेनला शिकायला जातेय. इथे रोज 2 जीबीचा प्लॅन आहे, तिथे प्रीपेडवर 4 आठवड्यांना 20 जीबी दिसतंय. पुरेल का? आणि संपलं की नेट बंदच होतं का?

तारवाला: इथला 2 जीबी रात्री बाराला नव्याने सुरू होतो, उरलेला वाया. तिथला 20 जीबी हा एकच हंडा, चार आठवड्यांत हवा तसा उपसा. सरासरी दिवसाला 700 एमबी. व्हॉट्सअॅपचा नुसता आवाजाचा कॉल तासाला 30-40 एमबी खातो, पण 1080पी व्हिडिओ तासाला 2 जीबी सहज. म्हणजे रील्स वायफायवरच.

संपल्यावर बंद होत नाही, वेग बहुधा 64 केबीपीएसवर येतो, काही प्लॅनमध्ये 32 वर. 64 किलोबिट म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट (8 बिटांचा 1 बाइट), 1 एमबीच्या फोटोला दोन मिनिटं. मेसेज जातात, पण नकाशा किंवा तिकिटाचं अॅप इतका वेळ थांबत नाही, मध्येच जोडणी तोडतं. 'नेट आहे पण काही उघडत नाही' ते यामुळे. शहराचा नकाशा आधीच उतरवून ठेवायला सांगा.

अँड्रॉइडमध्ये 15 जीबीला इशारा लावता येतो. एक मेख आहे: फोनचं मोजणीचं चक्र महिन्याच्या ठरावीक तारखेला फिरतं, प्लॅन 28 दिवसांचा. दर रिचार्जला तारीख बदलावी लागते, नाहीतर आकडा चुकतो. शिवाय वर्षाला रिचार्ज 12 नाही, 13 होतात. (हे गणित आपल्याला नवं नाही म्हणा!)

सीमेपार: आखेन नेदरलँड्स-बेल्जियमच्या अगदी सीमेवर आहे, फोन पलीकडचा टॉवर पकडेल. घाबरू नका, जून 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही. डेटा रोमिंग चालू ठेवा. मात्र स्वित्झर्लंड त्या नियमात येत नाही, तिकडे जाताना बंद.

कोथरूडकर: सिम इथूनच घ्यावं का? आणि खोलीवरचं नेट?

तारवाला: सिम तिथे गेल्यावर घ्या, प्रीपेडलाही पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. विद्यापीठात एड्युरोम हे वायफाय मिळतं. ते विद्यापीठाने दिलेल्या कॉन्फिगरेशननेच (तयार सेटिंगनेच) लावा. हाताने नाव-पासवर्ड टाकलं तर वायफाय खरं असल्याचं प्रमाणपत्र तपासायचं राहून जाऊ शकतं, मग त्याच नावाचं बनावट वायफायही फोनला खरं वाटतं.

खोलीवर बऱ्याच ठिकाणी डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं नेट असतं. तार जितकी लांब तितका वेग कमी. करारात किमान, नेहमीचा आणि कमाल असे तीन वेग लिहिलेले असतात, सही आधी किमान वाचा. कमी मिळाला तर बुंडेसनेत्सआगेंटूर या नियामकाचं मोजणीचं साधन आहे: तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून 30 मोजण्या, त्याही लॅन केबल लावून. वायफायवरचे आकडे धरत नाहीत. त्रुटी सिद्ध झाली की बिल कमी करून मागता येतं.