‘उणे बारा’: शेरा की माप?

राजारामपुरीतून
हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, परवाना नुकताच हातात आलाय. काल संध्याकाळी 14.074 मेगाहर्ट्झवर एफटी8 (संगणकातून रेडिओवर छोटे निरोप पाठवायची पद्धत) लावलं आणि इटलीतल्या एका स्टेशनानं मला ‘-12’ रिपोर्ट दिला, म्हणजे माझा सिग्नल तिकडं कसा पोचला ते कळवलं. आनंदानं घरात सांगितलं, तर आई म्हणाली, “उणे? म्हणजे नापासच की रे!” आवाजावर बोलताना लोक ‘फाईव्ह नाईन’ देतात, मग इथं उणे का? आणि या रिपोर्टला मराठीत म्हणायचं तरी काय?

शिवाजी पेठेतून
आईंना सांगा, पोरगा नापास नाही. ‘उणे’ शब्दानं घोटाळा केलाय. आपल्याकडं उणं म्हणजे कमतरता, उणंदुणं काढतात ते माणसाचं. इथला उणे नुसता गणितातला.

‘फाईव्ह नाईन’ हा शेरा आहे. आरएसटी पद्धतीत आर म्हणजे किती समजतंय, 1 ते 5. एस म्हणजे जोर किती, 1 ते 9. टी म्हणजे मोर्सचा सूर किती स्वच्छ, तोही 1 ते 9. सगळं ऐकणाऱ्याच्या कानावर. म्हणून ‘फाईव्ह नाईन’ देऊन लगेच “नाव परत सांगा” म्हणणारे भेटतात, आणि स्पर्धेत तर तो सरसकट सगळ्यांनाच मिळतो. एफटी8 मधला आकडा सॉफ्टवेअर मोजून काढतं. ते माप आहे. म्हणून मी तरी पहिल्याला शेरा आणि दुसऱ्याला माप म्हणतो. एकाच ‘रिपोर्ट’ शब्दात दोन्ही कोंबले की असा गैरसमज होणारच.

माप कशाचं? सिग्नल आणि खरखर यांच्या गुणोत्तराचं, डेसिबलमध्ये (डीबी). -10 म्हणजे सिग्नलची ताकद खरखरीच्या दहावा हिस्सा, -20 म्हणजे शंभरावा. मग वाचता कसं येतं? खासबागेत कुस्ती रंगलीय, सगळं मैदान ओरडतंय आणि पलीकडून मित्र एकाच सुरात शिट्टी मारतोय असं समजा. माप घेताना अख्ख्या मैदानाचा आरडाओरडा धरतात, 2500 हर्ट्झ रुंदीचा. शिट्टीला मात्र 50 हर्ट्झच लागतात. तेवढ्या पट्ट्यात खरखर पन्नासावा हिस्साच, म्हणजे 17 डीबी कमी. तुमचा -12 त्याच्या स्वतःच्या पट्ट्यात +5 होतो! शिवाय 77 बिटांचा निरोप तपासणीचे आणि दुरुस्तीचे जादा बिट जोडून 174 करून पाठवतात, त्यामुळं काही भाग बुडाला तरी उरलेल्यावरून जुळतो. साधारण -21 पर्यंत वाचता येतं. तुम्ही त्या काठापासून 9 डीबी वर आहात.

कसबा बावड्यातून
शेरा-माप पटलं. ‘नॉईज’ला काही पुस्तकांत ‘गोंगाट’ म्हणतात, मला ‘खरखर’च बरोबर वाटतं. गोंगाट माणसांचा असतो. आणि रिसीव्हरवर बसून ऐकलं की खरखरीतही जाती कळतात: आभाळातली विजांची कडकड वेगळी, विजेच्या तारेची चरचर वेगळी.

एक गोष्ट मात्र जोडतो. आपण दुसऱ्याला दिलेला आकडा आपल्या घराबद्दलही बोलतो. मी सगळ्यांना -17, -18 देत होतो, आणि ते मला -5 देत होते. वाटायचं, समोरच्यांचीच तार कच्ची असेल. एका रात्री गच्चीवर जाऊन बघितलं, तर जिन्यातल्या एलईडी पट्टीचा अ‍ॅडॅप्टर अँटेनाच्या तारेखालीच होता. तो काढला, आणि त्याच रात्री माझे आकडे -9, -10 वर आले. ते मला देत होते तो आकडा तसाच राहिला, कारण तो त्यांच्याकडच्या खरखरीवर ठरतो.

राजारामपुरीतून
म्हणजे मला आलेला ‘-12’ इटलीतल्या त्या घरातल्या खरखरीवर मोजलाय! आता एफटी8 च्या निरोपांत दिसणाऱ्या ‘R-08’ चं कोडं पण सुटलं: “तुझं माप मिळालं, आणि माझ्याकडं तू उणे आठ.” आईला खासबागेची शिट्टी सांगितली, लगेच समजलं. आज रात्री आमच्या जिन्यातला अ‍ॅडॅप्टर बघतो. 73 (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार).