मदत हवी आहे : काकांना तैलाभ्यंगासाठी (आजाऱ्याला फादर तेल लावून प्रार्थना करतात तो संस्कार) कसं तयार करू?

आम्ही वसईचे कॅथलिक. माझे मोठे काका ७१ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीने पाय जरा वळणावर येतोय, हात मात्र अजून मांडीवर नुसता पडलेला असतो. चाळीस वर्षं देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) व्हायोलिन वाजवलेला हात आहे तो.

औषधपाण्याची तक्रार नाही. काका आतून विझलेत, ते बघवत नाही. संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू झाला की भिंतीकडे तोंड करून पडतात. परवा काकूने माळ हातात दिली. बोटांनी मणी पुढे सरकेना. डाव्या हाताने ती उशीखाली सारली आणि म्हणाले, "त्याला वाजवणारा नको, तर म्हणणारा तरी कशाला हवा?"

फादरना बोलावून तैलाभ्यंग घ्यावा असं मला मनापासून वाटतं. विषय काढला तर म्हणाले, "म्हणजे माझी निघायची वेळ झाली म्हणा की." काकू रडायलाच लागली.

त्यात चुलतभाऊ एका प्रार्थना सभेला नेऊ म्हणून मागे लागलाय. तिथेच आमच्या ओळखीच्या बाईंना 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' असं सांगितलं होतं. लकव्याच्या माणसाची बीपीची गोळी बंद? मी हात जोडले.

काकांनी पुन्हा देवाशी बोलावं एवढंच हवंय. भांडले तरी चालेल. जबरदस्ती करायची नाहीये. कोणी घरच्यांना यासाठी तयार केलंय का?

वाडीवाली : आमच्या आईचंही हेच झालं होतं. या पिढीच्या डोक्यात 'शेवटचं तेल' बसलंय, कारण पूर्वी ते बहुतेक मरणाच्या दारातच दिलं जायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची मोठी धर्मसभा), १९७२ मध्ये विधीच बदलला. आता गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणी खूप अशक्तपणा आला तरी घेता येतो, आणि पुन्हा आजार बळावला तर पुन्हाही. आईने तीनदा घेतला आणि नंतर सहा वर्षं आम्हाला ओरडत होती. फादर कपाळाला आणि हातांना तेल लावतात. काकांच्या त्या हातालाही लागेल, हे त्यांना सांगून बघा.

पण सुरुवात तेलापासून नको. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) द्यायला घरोघरी फिरतात ना, तेव्हा नुसतं बसायला बोलवा. आणि चुलतभावाला बायबलमधल्या बेनसिराच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय वाचायला द्या. आजारपणात प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलंय.

वसईकर७१ : ११ फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणाला, जागतिक रुग्णदिन असतो. त्या सुमारास बऱ्याच देवळांत आजाऱ्यांसाठी मिस्सा (मुख्य उपासना) होते आणि सगळ्यांना एकत्र अभ्यंग देतात. चारचौघांत बसलं की भीती कमी होते. माझा स्वतःचा अनुभव आहे.

धागाकर्ता : दोघांचे आभार. फादर शुक्रवारी चहाला येतायत. काकांना आधीच सांगितलं, लपवाछपवी नको. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "येऊ दे. तेलाची डबी मात्र खिशातच ठेवायला सांग."