मदत हवी आहे: इंग्लिशमधल्या 'ड्रिप'चे नक्की किती अर्थ?

नमस्कार मंडळी, जरा इंग्लिशवाल्यांची मदत हवीय. आमच्या जळगाव साईडला ड्रिप म्हटलं की केळीच्या बागेतल्या नळ्या, नाहीतर दवाखान्यातलं सलाईन, दोन्हीकडे थेंब थेंब पडतं त्यामुळे कधी डोक्याला ताप नव्हता. आता पोरीच्या फोटोखाली मैत्रिणी 'ड्रिप' लिहितात, म्हणजे म्हणे कपडे, शूज, एकूण स्टाईल भारी, अमेरिकन रॅपवाल्यांकडून आलंय ते. बरं. पण डिक्शनरीत पाहिलं तर 'ही इज अ ड्रिप' म्हणजे अगदी मिळमिळीत माणूस! कौतुक पण तेच आणि टोमणा पण तोच?? आणि 'ड्रिपिंग' म्हणजे मांस भाजताना गळणारी चरबी, इंग्लंडात ती ब्रेडला लावून खायचे (आपल्याला नको).

तर यूकेवाल्यांनी सांगा, तिकडे अजून कुणी माणसाला 'ड्रिप' म्हणतं का, की ते आजी-आजोबांच्या काळातलं झालं? आणि तोटीतून टपटप पाणी पडत असेल तर टॅप 'ड्रिपिंग' की 'लीकिंग'? मला वाटतं तोटीला ड्रिपिंग बरोबर आणि पाईप फुटला, सांध्यातून पाणी झिरपतंय तर लीक, पण घरात एकमत होईना. उदाहरणासकट सांगितलंत तर बरं होईल.