मुलांसाठी स्वयंपाकाचा खोका: शिकतात की नुसती पुडी फोडतात?

कोथरूडची_आई

आमच्याकडे चार महिन्यांपासून मुलांच्या स्वयंपाकाचा खोका येतो. वर्गणी महिन्याला ९०० रुपये. आत चित्रांची कार्डं, मापून भरलेल्या पुड्या आणि एखादं छोटं हत्यार. परवा बिनधारेची सुरी आली. लेक आठ वर्षांची, जाम खूश आहे. मीच नाही.

मागच्या रविवारी थालीपीठ होतं. भाजणीची पुडी, तिखटाची पुडी, मिठाची पुडी. मिठाचीसुद्धा! कांदा तेवढा आपला. तो तिने चिरला, पाणी कार्डात दिलंय तेवढंच मोजून ओतलं आणि पीठ सैल झालं, कारण आमचा कांदा मोठा आणि पाणीदार निघाला. पोरगी कार्ड उलटंपालटं करत उभी. ‘आई, आता कुठली पुडी?’ मी डब्यातलं मूठभर ज्वारीचं पीठ टाकलं, तर म्हणते, ‘हे यात नाहीये.’

हाताला अंदाज येण्यासाठीच ना मुलांना ओट्यापाशी उभं करायचं? हा खोका नेमका तोच काढून घेतो, वर पैसेही घेतो. बंद करावा म्हणते. कुणाचा वेगळा अनुभव?

पिंपरीचा_बाबा

ताई, तुमच्या घरी मूठभर पीठ टाकणारं कुणीतरी आहे. आमच्याकडे शनिवारी मी असतो, आणि माझी मजल कुकरच्या शिट्टीपर्यंत. बायकोला त्या दिवशी ड्यूटी. खोका नसता तर बापलेक दोन मोबाईल घेऊन दोन कोपऱ्यांत बसलो असतो.

ढोकळ्याच्या वेळी फ्रूट सॉल्टवर चमचाभर पाणी पडलं आणि ते फसफसलं, तेव्हा मुलगा किंचाळलाच. ‘का?’ उत्तर कार्डाच्या मागे होतं: सोडा आणि आम्ल पुडीत कोरडी शेजारी शेजारी बसलेली असतात, पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून पीठ ढवळून लगेच वाफवायला ठेवायचं, गप्पा मारत बसलं तर वायू उडून जातो. मी बारावी सायन्स, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अंदाज मागाहून येईल की. आधी पाढे, मग तोंडी हिशेब.

पेठेतली_आजी

पाढे म्हणावे लागतात, पुडीत भरून मिळत नाहीत. नातवाला मी फुले मंडईत घेऊन जाते. ती १८८६पासून उभी आहे, तिला वर्गणी लागत नाही. गवारीची शेंग मोडून बघायची, कटकन मोडली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. भेंडीचंही तसंच, टोक मोडायचं (भाजीवालीचं लक्ष नसताना). घरी आल्यावर शेंगा तोच निवडतो. खातो का? नाही. पण निवडतो.

आमच्या लहानपणी तुळशीबागेतली पितळी भातुकली होती. चुरमुऱ्यांचा भात, दाण्यागुळाचा लाडू. कार्ड कुठलं नि काय.

पिंपरीचा_बाबा

आजी, मंडईत गाडी लावायला जागा तुम्ही धरून ठेवणार का?

पेठेतली_आजी

मेट्रो थेट येते. मंडई नावाचंच स्टेशन आहे.

सुका_कचरा

पुड्यांबद्दल कुणी बोलतंय का बघत होते. आमच्या एका खोक्यातून अकरा पाकिटं निघाली, सगळी आतून चंदेरी. कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, याला भंगारात भाव नाही. चमचाभर जिऱ्यासाठी हा थाट! घरात मिसळणाचा डबा नाही असं पुण्यात एक घर दाखवा.

बहीण_अमेरिकेत

माझ्या बहिणीच्या मुलांना तिकडे रॅडिश किड्सचा खोका यायचा. त्यात खायचं सामान नसायचंच. पाककृतींची कार्डं, एक हत्यार, ॲप्रनला लावायचा बिल्ला आणि खरेदीची यादी. सामान आपलं आपण आणायचं, म्हणजे पोरांना दुकानात न्यावंच लागतं. इथे असा कुणी काढला तर मी वर्गणी भरीन. आजींची मंडईही साधेल आणि बाबांचं कार्डही.

पिंपरीचा_बाबा

मला पुड्याच हव्यात. शनिवारी सकाळी हिंग संपलाय हे कळलं की आमचा बेत तिथेच मोडतो.

कोथरूडची_आई

वर्गणी अजून सुरूच आहे. पुढच्या महिन्याचे पैसे आधीच कापले गेलेत.

या वेळी उकडीचे मोदक होते. मी मिठाची पुडी आधीच काढून लपवली. लेकीने सगळा खोका उपसला, मग मुकाट्याने डब्यातली चिमूट पाण्यात टाकली, चाखलं, तोंड वाकडं केलं, अजून अर्धी टाकली. दोन पाऱ्या फाटल्या. तिसरीला तीनच कळ्या आल्या, पण मोदक उभा राहिला.

बाबा, पुड्यांचं तुमचं म्हणणं मला अजूनही पटत नाही.

पिंपरीचा_बाबा

नका पटवून घेऊ. पाणी किती घेतलंत? आमची उकड खळीसारखी झाली होती.

कोथरूडची_आई

वाटीला वाटी. पिठी जुन्या तांदळाची असेल तर थोडं जास्त लागतं.

पिंपरीचा_बाबा

जुना तांदूळ ओळखायचा कसा?

पेठेतली_आजी

मंडईत या. दाखवते.